अँपरसँड लावल्यावर चाललं, पण का?

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ओओपीच्या (ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग) इनसेमला, म्हणजे सत्रामधल्या परीक्षेला, 30 पैकी 11 पडले. सी प्लस प्लस आणि जावाचे दोन क्लास लावलेत, रात्री पायथनचा ऑनलाइन कोर्स आहे. तरी एकाच प्रोग्रामवर दोन-दोन दिवस अडून बसते, नको ते प्रश्न विचारते. सी प्लस प्लस जुनी झाली असं सगळे म्हणतात. ती सोडून तिला थेट पायथन-एआयकडे वळवावं का? – एक पालक, जि. सांगली

उत्तर : तुमच्या पत्राखाली मुलीने चार ओळी जोडल्या आहेत, त्या तुम्ही वाचल्यात का? ती लिहिते, ग्रंथालयाचा प्रोग्राम केला. पुस्तकाचा ऑब्जेक्ट (एका पुस्तकाची माहिती धरणारा प्रोग्राममधला घटक) नाव छापणाऱ्या फंक्शनला दिला की नाव एकदा नीट छापलं जातं, दुसऱ्यांदा कचरा येतो आणि शेवटी 'डबल फ्री' म्हणत प्रोग्राम बंद पडतो. क्लासच्या सरांनी पॅरामीटरला, म्हणजे फंक्शन जे घेतं त्याच्या नावाला, अँपरसँड (& हे चिन्ह) लावायला सांगितलं, लगेच चाललं. का चाललं विचारलं तर म्हणाले, परीक्षेला येत नाही.

'नको ते प्रश्न' म्हणजे हेच ना? साहेब, मला 11 मार्कांची काळजी वाटत नाही. साडेचारला कॉलेज सुटतं, मग दोन क्लास, साडेदहापर्यंत ऑनलाइन कोर्स आणि त्यावर तुमचा व्हिडिओ कॉल, आज काय झालं ते दाखव. या वेळापत्रकात ती स्वतः प्रोग्राम लिहिणार कधी? सगळीकडे दुसऱ्याने फळ्यावर लिहिलेलं उतरवून घेणं चाललंय. फीचे आकडे तुम्ही रुपयासकट कळवलेत. तिचं नेमकं कुठे अडतंय, हे मात्र मला तिच्याच ओळींवरून कळलं.

आता 'जुनी भाषा, नवी भाषा' या गैरसमजाबद्दल. तिच्या प्रोग्राममध्ये घडलं ते असं. पुस्तकाच्या क्लासमध्ये (हा शिकवणीचा क्लास नव्हे, प्रोग्राममधला ऑब्जेक्टचा साचा) नाव ठेवलेलं नव्हतं, नाव मेमरीत कुठे आहे तो पत्ता होता. ऑब्जेक्ट फंक्शनला दिला तेव्हा त्याची नक्कल झाली, पण नक्कल झाली ती पत्त्याची. सातबाऱ्याची झेरॉक्स काढली म्हणून जमीन दुप्पट होत नाही. फंक्शन संपलं, नकलेचा डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट संपताना आपोआप चालणारा आवराआवरीचा भाग) चालला आणि त्याने मेमरी परत करून टाकली. मूळ ऑब्जेक्टच्या हातात आता रिकाम्या जागेचा पत्ता उरला, म्हणून कचरा. शेवटी त्यानेही तीच मेमरी पुन्हा परत करायचा प्रयत्न केला, म्हणून डबल फ्री. अँपरसँड लावल्यावर नक्कलच झाली नाही, त्यामुळे त्या दिवसापुरतं निभावलं. खरा इलाज म्हणजे कॉपी कन्स्ट्रक्टर आणि असाइनमेंट ऑपरेटर, म्हणजे ऑब्जेक्टची नक्कल कशी करायची ते सांगणारे भाग, स्वतः लिहिणं, किंवा सरळ स्टँडर्ड लायब्ररीतली स्ट्रिंग वापरणं. या मेमरीचा मालक कोण, हा प्रश्न भाषा बदलली तरी सुटत नाही. पायथनमध्ये एक लिस्ट दुसऱ्या नावाला दिली आणि एकीत भर घातली, की दुसरीतही दिसते. जावात मेमरी परत करायचं काम गार्बेज कलेक्टर करतो, पण दोन नावं एकाच ऑब्जेक्टकडे बोट दाखवतात हे तिथेही आहेच. 2015 साली पहिली स्थिर आवृत्ती आलेल्या रस्ट भाषेत तर मालकी हाच पाया आहे. मालकी दुसरीकडे दिल्यावर जुनं नाव वापरलं तर कंपायलर (प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारा) तिथेच अडवतो. आणि हा केवळ पोरांच्या प्रॅक्टिकलचा विषय नाही. मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये सांगितलं होतं, की त्यांच्या उत्पादनांत दरवर्षी दुरुस्त होणाऱ्या सुरक्षा-त्रुटींपैकी साधारण 70 टक्के मेमरीच्या अशाच घोटाळ्यांतून येतात.

पायथनकडे वळवायचं म्हणता, तर त्या पायथनचा रोज वापरला जाणारा इंटरप्रिटर (प्रोग्राम चालवणारा) सीमध्ये लिहिलेला आहे आणि एआयवाले वापरतात त्या पायटॉर्च लायब्ररीचा गाभा सी प्लस प्लसमध्ये. पायथन तिने जरूर शिकावी. हा प्रश्न सुटलेली मुलगी ती सुट्टीत स्वतःची स्वतः शिकेल.

गेट किंवा सी-डॅकच्या अभ्यासक्रमांची प्रवेश परीक्षा सी-कॅट द्यायची असेल तर तिथेही सी आणि डेटा स्ट्रक्चर्स लागतात. ते तिसऱ्या वर्षात बघू.

क्लासबद्दल स्पष्टच लिहितो. तुम्ही पाठवलेल्या नोट्समध्ये प्रत्येक प्रोग्रामच्या डोक्यावर आयओस्ट्रीम डॉट एच ही जुन्या पद्धतीची हेडर फाइल आहे आणि इंट (पूर्णांक ठेवायचा प्रकार) दोन बाइटचा सांगितलाय. म्हणजे शिकवणं टर्बो सीवर चाललंय, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या डॉसच्या कंपायलरवर. सी प्लस प्लसचं पहिलं आंतरराष्ट्रीय मानक आलं 1998 मध्ये! जुनी भाषा नाही, जुना आहे तो तुमचा क्लास.

मुलीसाठी : लॅबमधल्या जीसीसी कंपायलरवर हाच प्रोग्राम, अँपरसँड काढून, अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारी सोय) आणि डीबगची खूण चालू करून कंपाइल कर आणि चालव. मेमरी कुठे घेतली, कुठे परत केली आणि नंतर कुठे वापरली, तिन्ही ठिकाणं ओळ क्रमांकासकट दिसतील. कागदावर दोन्ही ऑब्जेक्ट काढ, बाण काढ आणि मग कॉपी कन्स्ट्रक्टर लिही. दोन दिवस लागले तर लागू देत.

आणि साहेब, दोन्ही क्लास आणि तो रात्रीचा कोर्स या महिन्यातच बंद करा. फी परत मिळते का विचारा. नाही मिळाली तरी बंद करा.