येशूच्या विवाहाबद्दल लिहिण्यापूर्वी

सप्रेम आशीर्वाद.

तुझा मसुदा काळजीपूर्वक वाचला. येशूचा विवाह झाला होता का, या प्रश्नावर तू बरीच सामग्री जमवली आहेस; मात्र चौथ्या शतकातले हस्तलिखित, पंधराव्या शतकातले भित्तिचित्र, विसाव्या शतकात रचलेली वंशावळ आणि अलीकडची एक खपाऊ कादंबरी या सर्वांना तू एकाच पंगतीला बसवले आहेस, आणि लेख डळमळतो तो तिथेच. मजकूर काय सांगतो हे पाहण्याआधी तो कधीचा आहे, कुठून आला आणि कोणाच्या हातून आला, हे प्रत्येक पुराव्याला विचारायला हवे.

ज्या पपायरसच्या (लव्हाळ्यापासून बनवलेल्या प्राचीन कागदाच्या) तुकड्यावर तुझी सर्वाधिक भिस्त आहे, त्याचेच उदाहरण घे. सप्टेंबर २०१२ मध्ये हार्वर्डच्या प्राध्यापक कॅरेन किंग यांनी रोममधील कॉप्टिक, म्हणजे इजिप्तमधील ख्रिस्ती लोकांच्या जुन्या भाषेच्या, अभ्यासकांच्या परिषदेत तो जाहीर केला. जेमतेम चार सेंटीमीटर रुंद आणि आठ सेंटीमीटर लांब अशा त्या तुकड्यावर एका ओळीत ‘येशू त्यांना म्हणाला, माझी पत्नी’ असे शब्द होते आणि त्या ओळीचा पुढचा भाग तुटलेला होता. हा तुकडा येशूच्या विवाहाचा पुरावा नसून, फार तर नंतरच्या काळातील काही ख्रिस्ती लोक त्या विषयावर वाद घालत होते याचा पुरावा आहे, असे स्वतः किंग यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केले होते. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत हा खुलासा कुठेच राहिला नाही, आणि तुझ्या मसुद्यातही तो नाही.

पुढे २०१४ मध्ये चाचण्यांचे निष्कर्ष आले. पपायरस खरोखरच जुना, साधारण सातव्या-आठव्या शतकातला निघाला, आणि अनेकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. पण कोरा जुना पपायरस मिळवून त्यावर आज काजळीच्या शाईने लिहिणे कोणालाही शक्य असते, त्यामुळे कागदाचे वय म्हणजे लिखाणाचे वय नव्हे. खरा उलगडा झाला तो त्याच मालकाकडून आलेल्या दुसऱ्या एका तुकड्यामुळे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या (शुभवर्तमान म्हणजे येशूचे चरित्र व शिकवण सांगणारा ग्रंथ) त्या तुकड्याचे हस्ताक्षर पहिल्यासारखेच होते. ख्रिश्चन ॲस्कलंड या अभ्यासकाला असे आढळले की, त्यातील ओळी १९२४ साली छापलेल्या एका कॉप्टिक आवृत्तीतून एकाआड एक ओळ गाळून उतरवल्या आहेत. ओळ जिथे तुटते ती जागाही छापील पानाशी जुळते. शिवाय त्यातील बोली पपायरसच्या काळापूर्वीच वापरातून गेलेली होती. मूळ तुकड्यातील शब्दही थॉमसच्या शुभवर्तमानातून उचलून जोडलेले होते, आणि त्या ग्रंथाच्या इंटरनेटवर असलेल्या एका प्रतीतील मुद्रणदोष जसाच्या तसा त्यात उतरला होता. नक्कल करणारा मूळ ग्रंथापर्यंत नव्हे, तर संगणकाच्या पडद्यापर्यंतच पोहोचला होता, असेच म्हणावे लागते. २०१६ मध्ये एका पत्रकाराने मालकाचा माग काढून प्रसिद्ध केल्यावर, तुकडा बनावट असण्याचीच शक्यता अधिक आहे, हे किंग यांनीही मान्य केले.

फिलिपच्या शुभवर्तमानाची गोष्ट वेगळी आहे, कारण ते बनावट नाही. १९४५ मध्ये इजिप्तमधील नाग हम्मादीजवळ सापडलेल्या या चौथ्या शतकातील हस्तलिखितात येशूची शिष्या मरीया मग्दालीया हिला त्याची सोबतीण म्हटले आहे, आणि तो तिचे चुंबन घेत असे, असाही उल्लेख आहे. परंतु चुंबन कुठे, हे सांगणारा शब्द जिथे असायला हवा तिथे पपायरसला भोक पडले आहे. तू तिथे ‘ओठांवर’ असे लिहिले आहेस; तो शब्द नंतरच्या लोकांनी भरलेला आहे, म्हणून तो कंसात तरी टाक किंवा सरळ काढून टाक. त्याच ग्रंथात श्रद्धावंत परस्परांचे चुंबन घेतात आणि त्यातून त्यांना आध्यात्मिक फळ मिळते, असेही म्हटले आहे. आरंभीचा प्रेषित पौलही आपल्या पत्रांत पवित्र चुंबनाने परस्परांना सलाम करण्यास सांगतो. शिवाय हा ग्रंथ येशूनंतर दीडशे ते अडीचशे वर्षांनी रचला गेला असावा, हे ध्यानात ठेव.

बाकीच्या मुद्द्यांवर फार शाई खर्च करू नकोस. लिओनार्डोच्या ‘अखेरचे भोजन’ या भित्तिचित्रात येशूशेजारी बसलेली कोवळ्या चेहऱ्याची व्यक्ती म्हणजे मरीया मग्दालीया नव्हे, तर शिष्य योहान, कारण दाढी न आलेला तरुण म्हणूनच त्याला रंगवण्याची तेव्हा रीत होती. येशूच्या वंशावळीशी जोडली जाणारी फ्रान्समधील कथित गुप्त संघटना १९५६ मध्ये नोंदवली गेली, आणि तिची ‘प्राचीन’ म्हणवली जाणारी कागदपत्रे पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात नंतर मुद्दाम ठेवलेली होती. जेरुसलेमच्या तल्पियोत भागात १९८० मध्ये सापडलेल्या अस्थिपेट्यांवर येशू, योसेफ, मरीया ही नावे आहेत खरी, पण त्या काळच्या यहुद्यांत ती घरोघरी आढळत.

खरा विचार करण्याजोगा पुरावा बायबलच्या नव्या करारातच आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी कापतो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौल विचारतो की, इतर प्रेषित, प्रभूचे भाऊ आणि केफा (म्हणजे पेत्र) यांच्याप्रमाणे पत्नीला बरोबर नेण्याचा हक्क आम्हांला नाही काय? येशू विवाहित असता तर या वादात त्याचा दाखला सर्वांत वजनदार ठरला असता, तरी पौल तो देत नाही. पण सातव्या अध्यायात अविवाहित राहण्याचा सल्ला देतानाही तो येशूचे उदाहरण देत नाही. उलट, कुमारिकांविषयी प्रभूची आज्ञा मजजवळ नाही, असे म्हणतो. मला पहिले मौन अधिक बोलके वाटते, तरी ते मौनच आहे. येशूने विवाह केला नाही असे स्पष्ट विधान दुसऱ्या शतकाच्या अखेरीस अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट या ख्रिस्ती लेखकाच्या ग्रंथात भेटते, तेही विवाहाला पाप ठरवणाऱ्या पंथाशी चाललेल्या वादात. प्रत्येक यहुदी पुरुष लग्न करीतच असे, हे तुझे विधानही काढ. एसीन या यहुदी पंथातील ब्रह्मचाऱ्यांविषयी पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार जोसीफसने लिहून ठेवले आहे.

शेवटी, ‘चर्चने हे सत्य दडवले’ या वाक्याबद्दल. पेत्राच्या सासूला आलेला ताप शुभवर्तमानांत उघडपणे नोंदवलेला आहे, त्यामुळे प्रमुख शिष्याचे लग्न लपवण्याची गरज त्या लेखकांना वाटली नव्हती. मरीया मग्दालीयेवर अन्याय झालाच, पण तो निराळा होता: इ. स. ५९१ मधील एका प्रवचनात पोप ग्रेगरी यांनी तिला लूकच्या शुभवर्तमानातील अनामिक पापी स्त्रीशी एकरूप केले आणि पश्चिमेत ती शेकडो वर्षे पश्चात्तापदग्ध वेश्या म्हणून ओळखली गेली. कॅथलिक चर्चने १९६९ च्या दिनदर्शिकेत ही सरमिसळ सोडली आणि २०१६ मध्ये तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला. ते वाक्य काढून तिथे हा इतिहास घाल, आणि नवा मसुदा पाठवताना प्रत्येक उताऱ्यापुढे त्याच्या हस्तलिखिताचे शतक लिहून पाठव.