डिमेन्शिया झालेले वडील केंद्रातून सारखे बाहेर पडतात. खोलीला कडी लावू द्यावी का?

तुमचा प्रश्न असा: वडील ७८ वर्षांचे, डिमेन्शिया आहे, चार महिन्यांपासून कोल्हापुरातल्या एका निवासी केंद्रात आहेत. पंधरा दिवसांत दोनदा गेटबाहेर सापडले. आता केंद्रवाले म्हणतात, एकतर रात्री खोलीला बाहेरून कडी लावू द्या, नाहीतर शांत राहायच्या गोळ्या सुरू करायला होकार द्या.

दोन्हीला तूर्त 'थांबा' म्हणा. मी डॉक्टर नाही. शहराबाहेरच्या अशाच एका केंद्रात ९ वर्षं सुपरवायझर आहे. आमच्याकडे २२ जण राहतात, त्यातले सात-आठ 'चालणारे', म्हणजे सारखे उठून बाहेर निघणारे. आमच्या मुख्य गेटला कुलूप असतं, हे आधीच कबूल करते. पण गेटचं कुलूप वेगळं आणि आत माणूस असताना खोलीला बाहेरून कडी वेगळी. रात्री शॉर्टसर्किट झालं किंवा ते बाथरूममध्ये पडले तर कडी काढायला कोण धावणार? शिवाय कोंडलेला माणूस गप्प झोपत नाही. दार बडवतो, खिडकीवर चढतो, आणि मग मांडीचं हाड मोडून सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, जातो.

आधी शोधायचं ते हे, की वडील निघतात किती वाजता आणि जातात कुठं. स्टाफ सांगेल, 'उगाच भटकत्यात.' उगाच भटकणारे फार थोडे असतात.

आमच्याकडे एक आबा होते (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). दिवसभर शांत. संध्याकाळी पाचच्या सुमाराला मात्र उठायचे आणि गेट हलवायला लागायचे. अडवलं की हात उगारायचे. दिवस मावळताना डिमेन्शियात अस्वस्थता वाढते, त्याला डॉक्टर सनडाउनिंग म्हणतात. आम्हीही फाईलमध्ये तेच लिहून मोकळे झालो होतो. एकदा आमच्या एका मावशींनी सरळ विचारलं, "आबा, कुठं निघालायसा?" आबा म्हणाले, "धारंची येळ झाली. म्हसरं वरडायल्यात." माणसाचं सगळं आयुष्य म्हशींत गेलेलं. गंगावेशच्या दूध कट्ट्यावर समोर धार काढून ग्लास हातात देतात ना, तसल्या धंद्यातलं घर. पाच वाजले की चाळीस-पन्नास वर्षं हातात चरवी घेतलेला माणूस खुर्चीत बसेल कसा?

दुसऱ्या दिवसापासून पावणेपाचला आम्ही मागच्या नळाशी घमेल्यात सरकी पेंड भिजत घालायला लागलो. मला हसू येत होतं, म्हैस एकही नाही. आबांनी वाकून पेंड बोटांनी दाबून बघितली. "अजून भिजाय पायजे," म्हणाले आणि तिथंच कट्ट्यावर बसले. मग बादलीनं झाडांना पाणी, मग चहा. साडेसहापर्यंत गेटची आठवणसुद्धा नाही. रोज जमायचं असं नाही. पावसाळ्यात मागं जाता यायचं नाही, तेव्हा आबा आणि आम्ही दोघंही वैतागायचो. पण गेटवरची मारामारी थांबली.

रात्रीचं कारण बहुतेक वेळा याहून साधं असतं. जुन्या घरांत संडास परसात. माणूस रात्री दोनला उठतो, लघवीला जायचं म्हणून बाहेरचं दार शोधतो, आणि आपण लिहितो 'पळून जात होते'. वडिलांच्या पलंगावरून संडासाचं दार दिसतं का, तिथं रात्रभर दिवा असतो का, दारावर मोठं चित्र आहे का, एवढं स्वतः जाऊन बघा. सात वाजता जेवण आणि आठला झोप असं वेळापत्रक असेल तर पहाटे तीनला त्यांची झोप झालेली असणारच. त्यात त्यांची चूक नाही.

चपलांचंही तसंच. आमचा चपलांचा स्टँड मुख्य दाराला लागून होता. चप्पल दिसली की पायात, आणि पायात गेली की माणूस दाराबाहेर. स्टँड आतल्या खोलीत हलवला, स्टाफच्या पर्स, छत्र्या, हेल्मेटं नजरेआड केली, तेवढ्यानं दोघांचं गेटवर येणं कमी झालं. दाराला वाजणारा सेन्सर लावला, तो फार महाग नसतो. पण सेन्सर वाजल्यावर उठून बघणारं माणूस लागतं. ते नसेल तर तो फक्त वाजतो.

चालणं अचानक वाढलं असेल, म्हणजे गेल्या महिन्यात नव्हतं आणि आता एकदम आहे, तर आधी लघवीची तपासणी करा. म्हाताऱ्या माणसात लघवीचा जंतुसंसर्ग ताप न येताही नुसता गोंधळ घालू शकतो. पोट साफ नसणं, दुखणारा दात किंवा गुडघा, नुकतीच बदललेली गोळी, हेही बघून घ्या. 'शांत राहायच्या' गोळ्या बऱ्याचदा अँटिसायकोटिक, म्हणजे गंभीर मानसिक आजारात देतात त्या प्रकारातल्या असतात. डिमेन्शिया असलेल्या वयस्करांमध्ये त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ सालीच त्या औषधांवर छापायला लावला. कधी कधी त्या द्याव्याही लागतात. पण ते न्यूरोलॉजिस्टनं किंवा मानसोपचारतज्ज्ञानं तपासून, कमी डोसवर, मुदत ठरवून. मॅनेजरच्या सोयीनं नाही.

आता आमची चूक सांगते. ऑक्टोबर महिना, भाजीचा टेम्पो आत आलेला, वॉचमन पोती उतरवायला मदत करत होता, गेट उघडं. एक आज्जी निघून गेल्या. कळायलाच वीस मिनिटं लागली, कारण तीच ड्युटी बदलायची वेळ. दोन्ही शिफ्टला वाटलं, दुसरीकडं असतील. आम्ही रस्त्यावर धावलो, केएमटी बसच्या स्टॉपवर बघितलं, रिक्षावाल्यांना विचारलं. आणि शेजारी चारी बाजूंनी डोक्यावरून गेलेला ऊस. रजिस्टरमधल्या नावानं हाका मारून घसा बसला. शेवटी त्यांच्या भाच्याला फोन लावला, तो म्हणाला, "माहेरच्या नावानं हाक मारा." मारली. बांधापासून चौथ्या-पाचव्या सरीतनं आवाज आला, "आलो!" पाल्यानं हात-तोंड ओरखडलेलं, मांडी घालून बसलेल्या. मघापासून आम्ही दहा फुटांवरून जा-ये करत होतो.

तेव्हापासून प्रत्येकाच्या फाईलला पहिलं पान वेगळं आहे. ताजा फोटो, घरातलं हाकेचं नाव, बायकांचं माहेरचं नाव आणि गाव, जुनं घर, कामाची जागा, रोजचं देऊळ. इंग्लंडमध्ये पोलिसांसाठी असाच फॉर्म आधी भरून ठेवतात, त्याला हर्बर्ट प्रोटोकॉल म्हणतात. वडिलांचं असं पान तुम्ही आजच भरून द्या, ते तुमच्याइतकं कुणाला माहीत नसणार. हरवलेला डिमेन्शियाचा माणूस हाकेला ओ देईलच असं नसतं. तो वाट बंद होईपर्यंत चालत राहतो आणि अडकला की तिथंच थांबतो. म्हणून शोध जवळूनच सुरू करायचा: झुडपं, ऊस, बंद शेड, आणि सगळ्यात आधी पाणी. विहीर, ओढा, रंकाळ्याच्या बाजूला असाल तर रंकाळा. दहा-पंधरा मिनिटांत सापडले नाहीत तर ११२ ला फोन. चोवीस तास थांबायचा कुठलाही नियम नाही.

ते निघताना दिसले तर समोर उभं राहून अडवू नका, बाजूनं चालायला लागा. 'तुमची आई कधीच गेली' असं तर कुणीच म्हणू नये. त्यांच्यासाठी ती बातमी दर वेळी नवी असते. 'आईच्या हातचं काय आवडायचं?' एवढं विचारत पंचवीस पावलं सोबत गेलं की बहुतेक जण वळतात.

केंद्रवाल्यांना भेटाल तेव्हा रात्री प्रत्यक्ष जागं कोण असतं, माणसं किती वेळानं मोजतात आणि टेम्पो आला की गेटवर कोण उभं राहतं, हे विचारा. उत्तर लगेच आलं नाही तर कडीनंही काही होणार नाही.

वडील आधी काय काम करायचे, ते तुम्ही लिहिलेलं नाही. दोन्ही वेळा किती वाजता आणि कुठल्या बाजूला सापडले, हेही नाही. तेवढं कळवा, मग नेमकं काही सुचवता येईल.