भर उन्हातील अंगणासाठी रंगीत पानांची झुडपे

प्रश्न : बार्शी तालुक्यातील एक शेतकरी विचारतात, "शेतातील घराच्या पश्चिमेच्या अंगणात फेब्रुवारीत क्रोटॉनची बारा आणि पांढऱ्या पट्ट्यांच्या ड्रासिनाची सहा रोपे लावली. पाणी वेळेवर देऊनही एप्रिलअखेर बहुतेकांची पाने करपली. जमीन चुनखडीची, पाणी बोअरचे आहे आणि अंगणालगत शेळ्यांचा गोठा आहे. आता पावसाळ्यात कोणती झाडे लावावीत?"

उत्तर : आपण पाठविलेल्या छायाचित्रांत करपलेला, कागदासारखा वाळलेला भाग पश्चिमेकडे तोंड असलेल्या पानांच्या मधोमध दिसतो आणि जेथे वरच्या पानाची सावली खालच्या पानावर पडली, तेथे तेवढा भाग तुकतुकीत शिल्लक आहे. रोगाने सावलीची अशी हद्द पाळली नसती. पाण्यातील क्षारांमुळे होणारी जळ पानाच्या टोकाकडून व कडांवरून आत सरकते. तशी ती तीन-चार पानांवर आहे, परंतु मुख्य दोष उन्हाचा आहे. बुरशीनाशकावर खर्च करू नये.

रोपवाटिकेत ही रोपे बहुधा शेडनेटखाली वाढविलेली असतात. तेथील मऊ, रुंद पान फेब्रुवारीत उघड्यावर आले आणि मुळे जमिनीत पसरण्यापूर्वीच उन्हाळा सुरू झाला. म्हणून यापुढे रोप निवडताना ते किती आकर्षक दिसते यापेक्षा त्याच्या पानाचा रंग कोणत्या जातीचा आहे, हे आधी पाहावे. लाल, तांबूस व जांभळ्या पानांतील रंगद्रव्य हरितद्रव्यावर पडद्यासारखे काम करते, त्यामुळे अशी पाने सहसा ऊन सोसतात आणि सावलीत उलट मळकट हिरवी होतात. सोनेरी पानांनाही रंग टिकविण्यासाठी ऊन लागते, मात्र त्यासोबत मुळाशी ओल हवी. पांढऱ्या भागात हरितद्रव्य जवळजवळ नसते. असे पान दुपारच्या उन्हात सर्वांत आधी भाजते. पांढऱ्या कडांच्या पानांची बोगनवेल हा याला चांगला अपवाद आहे.

आपल्या अंगणासाठी पहिली पसंती अकॅलिफाला द्यावी, असे माझे मत आहे. तांबड्या-विटकरी पानांचे हे झुडूप भर उन्हात खुलते, छाटणी सोसते आणि पावसाळ्यात फांदीच्या तुकड्यांपासून सहज तयार होते, त्यामुळे पाच-सहा रोपे विकत आणून पुढील वर्षी त्यांचीच रोपे घरी करता येतील. ते एकेकटे लावल्यास एक मीटर आणि ओळीत लावल्यास 60 ते 75 सेंटिमीटर अंतर ठेवावे. पुढच्या कडेला सोनेरी ड्युरांटा 30 ते 45 सेंटिमीटर अंतरावर लावून गुडघ्याएवढी कापून ठेवल्यास तांबड्या झुडपांपुढे पिवळी पट्टी उठून दिसते. लहान झाड हवे असल्यास गडद लाल पानांचा युफोर्बिया कोटिनिफोलिया तीन ते पाच मीटर वाढतो व कमी पाण्यावर तग धरतो. कोवळ्या फुटीचा लाल रंग आवडत असेल तर सिझिजियमही चालेल. पण त्याला नियमित पाणी लागते आणि रंग टिकविण्यासाठी वरचेवर छाटावे लागते. क्रोटॉनचा मोह सुटत नसेल तर उरलेली रोपे घराच्या पूर्वेस, सकाळचे ऊन मिळेल अशा जागी हलवावीत. जपानी मेपलची चित्रे पाहून अनेकजण चौकशी करतात. त्या झाडाला थंड हिवाळा लागतो. आपल्या भागात त्यावर पैसे घालवू नयेत.

गोठ्याबाबत विशेष काळजी घ्यावी. युफोर्बियाचा पांढरा चीक विषारी असून त्वचेची आग करतो आणि डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होऊ शकते, म्हणून छाटणी हातमोजे व चष्मा घालूनच करावी. ड्युरांटाची फळेही विषारी आहेत. ही दोन्ही झाडे शेळ्यांचे तोंड पोहोचणार नाही अशा अंतरावर लावावीत आणि त्यांचा छाटलेला पाला कधीही गव्हाणीकडे टाकू नये. गोठ्याकडील बाजूस अकॅलिफा ठेवावा, पण त्यालाही जाळी हवी. शेळी कोवळे रोप ठेवणार नाही.

लागवड जून-जुलैत, चांगला पाऊस होऊन जमीन ओली झाल्यावर करावी. तत्पूर्वी रोपे आठ-दहा दिवस आधी सकाळच्या आणि मग हळूहळू दुपारच्या उन्हात ठेवून काटक करावीत. झुडपांसाठी 45 सेंटिमीटर लांबी, रुंदी व खोलीचा, तर झाडासाठी 60 सेंटिमीटरचा खड्डा घेऊन तो चांगली माती व कुजलेले शेणखत यांनी भरावा. खड्ड्यातून निघालेले चुनखडीचे खडे परत टाकू नयेत. अशा जमिनीत कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर ती लोहाची कमतरता समजावी आणि एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम फेरस सल्फेट व 1 ग्रॅम सायट्रिक आम्ल मिसळून सायंकाळी फवारावे. सोनेरी ड्युरांटात मात्र शिरांकडे नीट पाहावे, कारण त्याचे निरोगी पान मुळातच पिवळे असते. बोअरच्या पाण्याची क्षारता तपासून घ्यावी, बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन करावे आणि पाणी थोडे-थोडे रोज देण्याऐवजी खोलवर, अंतर ठेवून द्यावे.

युरिया टाळावा. जादा नत्राने वाढ लुसलुशीत होते आणि रंग फिका पडतो. सोनेरी किंवा पट्टेदार झुडपात एखादी पूर्ण हिरवी फांदी जोमाने वर आलेली दिसली, तर ती शेंड्यावर न खुडता जेथून फुटली तेथून काढावी. ठेवल्यास एक-दोन हंगामांत ती बाकीच्या फांद्यांना झाकून टाकते.