साहेबांच्या त्रासामुळे त्याच खात्यात बदली हवी असेल तर अर्ज कसा करावा?

तुम्ही नागपुरातल्या राज्य शासनाच्या कार्यालयात लिपिक-टंकलेखक आहात, साडेतीन वर्षं झालीत, शाखेचे साहेब सगळ्यांसमोर अपमान करतात. तीन वर्षं भरली म्हणून बदली मागता येईल का आणि अधिवेशनात आमदारांचं पत्र मिळवलं तर लवकर होईल का, हे तुमचे दोन प्रश्न.

पत्राचं आधी सांगतो, कारण हा सल्ला देणाऱ्यांशी माझं कायम वाजतं. मी आस्थापना शाखेत काम करतो. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आलं की रविभवन आणि आमदार निवासाबाहेर अर्ज हातात घेतलेले कर्मचारी उभे दिसतात. "एक पत्र आणा, काम होते" म्हणणारे पुढचं सांगत नाहीत. ते पत्र फाइलला लागतं आणि कायमचं राहतं. सेवेच्या बाबतीत राजकीय वजन वापरणं वर्तणूक नियमांत बसत नाही, म्हणजे ज्या साहेबांपासून सुटायचं त्यांच्याच हातात तुम्ही नोटिशीचं कारण देता. त्यातून तुमच्यासाठी दुसऱ्या कोणाला मुदतीआधी हलवलं, तर तो मॅटच्या, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या, नागपूर खंडपीठात जातो. शिफारस हेच बदलीचं खरं कारण आहे असं दिसलं की आदेश टिकणं कठीण, आणि तुम्ही परत त्याच साहेबांपुढे. पत्र आणू नका.

आता तीन वर्षांचं. बदल्यांचा २००५ चा अधिनियम सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा ठरवतो, पण मंत्रालयाबाहेरच्या गट क कर्मचाऱ्याला (लिपिक यातच येतो) दोन पूर्ण पदावधी, म्हणजे सहा वर्षं. तुम्ही अजून बदलीस पात्र नाही. मुदतीआधी बदली होते ती कलम ४(५) खाली, विशेष प्रकरण म्हणून. सक्षम प्राधिकाऱ्याला, म्हणजे बदलीचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याला, कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि त्याच्या वरच्या प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घ्यावी लागते. कारण नोंदवायला त्याला तुमच्या अर्जात काहीतरी सापडलं पाहिजे. वैद्यकीय कागद, पती-पत्नी एकत्रीकरण, आईवडिलांचं आजारपण, जे खरं असेल ते पुराव्यासह लिहा. साहेबांबद्दल एक ओळही नको. त्रासाचा उल्लेख आला की अर्ज तक्रार होतो, तक्रारीवर खुलासा मागवला जातो आणि बदली बाजूला पडते.

पण तुमच्या जागी मी बदली मागायच्या आधी शाखाबदल मागितला असता. त्याच कार्यालयात टेबल बदलणं ही सहसा बदली धरली जात नाही. कार्यालय प्रमुख साधारणपणे साध्या कार्यालयीन आदेशाने ते करतात. लेखा, आस्थापना, आवक-जावक, जिथे माणूस कमी आहे ती शाखा नाव घेऊन मागा. कार्यालयात शाखा दोनच असतील किंवा तेच साहेब कार्यालय प्रमुख असतील, तरच बाहेरची वाट.

बाहेर जायचं तर रिक्त पद मागा. पात्र कर्मचाऱ्यांची यादी जानेवारीत तयार होते, आदेश साधारण एप्रिल-मेमध्ये निघतात, म्हणून अर्ज डिसेंबरातच आस्थापनेत पोचलेला हवा. तुमचा संवर्ग, म्हणजे एका ज्येष्ठता यादीतल्या पदांचा गट, जिल्ह्याचा असेल तर शहरातल्या जागेच्या हट्टापायी अडून बसू नका, हिंगणा किंवा कामठीही लिहा. नियुक्ती प्राधिकारी बदलला तर सेवाज्येष्ठता तळाला जाते, म्हणून संवर्गाबाहेर जाण्याआधी दहादा विचार करा. रिक्त पद नसेल तर त्याच पदावरचा, त्याच संवर्गातला माणूस शोधून दोघांच्या सह्यांचा आपसी बदलीचा अर्ज द्या. कोणाची खुर्ची रिकामी राहत नाही, त्यामुळे नकाराला कारण उरत नाही.

अर्ज योग्य मार्गे, म्हणजे त्याच साहेबांच्या हातून जाईल. हे चुकवू नका. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या, आगाऊ प्रत थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे द्या. तुमच्यावर राग असलेला साहेब बहुधा लगेच पुढे पाठवतो. अडवतो तो, ज्याची शाखा तुमच्या कामावर चालते. आदेशात "पर्यायी कर्मचारी रुजू झाल्यावर कार्यमुक्त करावे" असं आलं की महिनेच्या महिने जातात, म्हणून कार्यमुक्तीची तारीख आदेशातच यावी यासाठी आधी बोला.

खरी गोची कार्यभार देताना होते. प्रलंबित प्रकरणं कोणत्या टप्प्यावर आहेत, नोंदवह्या कुठल्या पानापर्यंत भरल्या, कपाटाच्या किल्ल्या, रोकडवही असेल तर अखेरची शिल्लक, हे सगळं तीन प्रतींत लिहा आणि घेणाऱ्याची सही घ्या. हे केलं नाही तर पुढे फाइल गहाळ झाल्याची नोटीस तुमच्या नव्या पत्त्यावर येते. सेवापुस्तक आणि अंतिम वेतन प्रमाणपत्राच्या मागे स्वतः लागा. सेवार्थमध्ये, म्हणजे शासनाच्या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत, जुन्या कार्यालयाने तुम्हाला सोडलं नाही तर नव्या ठिकाणी पगार निघत नाही. विनंती बदलीला प्रवासभत्ता नसतो, हेही धरून चला.

मेमध्ये सुटलात तरी मार्चअखेरच्या वर्षाचा कार्यमूल्यमापन अहवाल हेच साहेब लिहितील. स्वयंमूल्यमापन मुदतीत भरा, आलेली आणि निकाली काढलेली प्रकरणं आकड्यांत द्या. देव दत्त प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहवालातला प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे असं ठरवलं आहे. शेरा खटकला तर मुदतीत अभिवेदन करा.

जिल्हा परिषदेत असाल तर बदल्यांचे नियम वेगळे, वरचं जसंच्या तसं लावू नका. आणि त्रास लैंगिक स्वरूपाचा असेल तर बदलीच्या अर्जात तो दडपू नका. तीन महिन्यांच्या आत अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करा, चौकशी सुरू असताना बदलीची शिफारस ती समितीच करू शकते.

आदेश येईपर्यंत तोंडी सांगितलेलं कोणतंही संशयास्पद काम लेखी पुष्टी मागितल्याशिवाय करू नका. तशी पुष्टी देणं वरिष्ठांवर वर्तणूक नियमांनीच बंधनकारक आहे. टिपणीत "दि. अमुक रोजीच्या तोंडी सूचनेनुसार, पुष्टीसाठी सादर" एवढं लिहून फाइल साहेबांच्या टेबलावर ठेवा आणि त्या टिपणीची प्रत स्वतःजवळ ठेवा.