आईवडिलांना घेऊन दोन दिवसांत मुंबई पाहायची असेल तर कोठून सुरुवात करावी?

आपण डिसेंबरात नागपूरहून आईवडिलांसह प्रथमच मुंबईस येत आहात, हाती दोन दिवस आहेत, आणि प्रसिद्ध स्थळांपैकी कोणती पाहावीत व कोणती सोडावीत, असे आपण विचारले आहे. फोर्ट भागात मी बरीच वर्षे नोकरी केली आणि घरच्या पाहुण्यांना ही फेरी अनेकदा घडवली. त्यावरून मी आग्रहाने सांगेन की मुंबई बंदराच्या बाजूने, म्हणजे पूर्वेकडून पाहायला घ्यावी. चौपाटी आणि जुहू हे उघड्या समुद्राचे किनारे आहेत. ज्या आडोशाच्या, खोल पाण्यामुळे येथे एवढे मोठे शहर उभे राहिले, ते पाणी मुंबई आणि कोकणची भूमी यांच्या मध्ये आहे.

गेटवे ऑफ इंडियाचे तोंड याच पाण्याकडे असल्याने सकाळी लवकर जावे, म्हणजे कोवळे ऊन समोरून पडून पिवळसर दगड उजळलेला दिसतो. १९११ साली पंचम जॉर्ज येथे उतरले तेव्हा ही वास्तू नव्हतीच, केवळ पुठ्ठ्याची प्रतिकृती उभारली होती. खरी कमान १९२४ मध्ये खुली झाली आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची अखेरची तुकडी तिच्याखालूनच निघून गेली. वडिलांना हे कमानीखाली उभे राहून, पाण्याकडे पाहत सांगावे.

तेथूनच घारापुरीची, म्हणजे एलिफंटा लेण्यांच्या बेटाची, लाँच मिळते. सुमारे तासाभराच्या या प्रवासात नांगरलेली मालवाहू जहाजे, नौदलाच्या नौका आणि जवाहर द्वीपावरचा तेलाचा धक्का दिसतो. बंदर म्हणजे काय, हे मला या लाँचवरूनच प्रथम उमगले. लेणी सोमवारी बंद असतात, तेवढे वाराचे पाहून यावे. धक्क्यापासून थोडे अंतर छोट्या गाडीने जाता येते, पुढे मात्र शंभराहून अधिक पायऱ्या आहेत. आईंचे गुडघे दुखत असतील तर डोली करावी, संकोच करू नये. मुख्य लेण्यातील सुमारे वीस फूट उंचीच्या सदाशिवासमोर, म्हणजे शिवाच्या तीन मुखांच्या शिल्पासमोर, डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावे. मग आपल्या डाव्या हाताचा उग्र अघोर, उजवीकडचा कमळ धरलेला सौम्य चेहरा आणि मधली ध्यानस्थ शांतता हळूहळू स्पष्ट होते. परतेपर्यंत दुपार टळते, त्यामुळे त्या दिवशी आणखी काही ठरवू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओव्हल मैदानाच्या मध्यावर उभे राहावे. पूर्वेस उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि १८७८ मध्ये पूर्ण झालेला राजाबाई टॉवर. पश्चिमेस १९३०च्या दशकातील गोलाकार गच्च्यांच्या, आर्ट डेको नावाच्या शैलीतील इमारती. या दोन्ही ओळींना मिळून २०१८ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. टॉवरसाठी देणगी देणारे प्रेमचंद रायचंद कापसाचे मोठे व्यापारी होते आणि त्यांनी त्याला आपल्या आईचे नाव दिले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात विलायतेतील गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला, तेव्हा याच बंदरातून गेलेल्या कापसाने शहरात पैसा ओतला. त्या मैदानावर उभे राहिले की बंदर आणि इमारती यांचे नाते डोळ्यांसमोर येते.

दुपारचे ऊन छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात घालवावे. ससून डॉकचा पहाटेचा मासळीबाजार मला फार प्रिय आहे, पण तेथील ओली, निसरडी जमीन वृद्धांसाठी नाही. आपण एकटे जाऊन यावे. जुहू आणि सिनेनटांचे बंगले निःशंकपणे सोडावेत. संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर सूर्यास्तापर्यंत बसावे, आईवडिलांना ते नक्की आवडेल.

परतीची गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून असेल तर तासभर आधी पोहोचावे आणि आत जाण्यापूर्वी समोरच्या महापालिकेच्या बाजूने स्थानक पाहावे. जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातची दगडातील पाने, पक्षी, प्राणी बारकाईने पाहायचे असतील तर मात्र उजेड लागतो. त्यासाठी ओव्हलहून निघताना एक चक्कर इकडे मारून घ्यावी.