लिथियम बोरेट काचेत डोपंट (मुद्दाम मिसळलेला थोडा वेगळा पदार्थ) घातल्यावर विद्युतवाहकता का वाढते? एम.एस्सी. प्रोजेक्टसाठी कोणता डोपंट घ्यावा?

डोपंटचं नंतर बघू. आधी सांगा, मोजमापं पावसाळ्यात करणार आहात का? चेष्टा करत नाहीये.

कारण थोडक्यात असं. लिथियम ऑक्साइड वाढवलं की तीन ऑक्सिजनवाले बोरॉन चार ऑक्सिजनवाले होऊ लागतात, 30 मोल टक्क्यांना साधारण 43 टक्के. चार ऑक्सिजनवाल्या बोरॉनच्या चतुष्फलकावरचा ऋण भार पसरलेला असल्याने लिथियम आयन तिथे घट्ट अडकत नाही. डोपंट म्हणून घातलेल्या लिथियम क्लोराइडचं तसं नाही. ते बोरॉन-ऑक्सिजनचं जाळं मोडत नाही, मधल्या पोकळ्यांत बसून त्याला फुगवतं. म्हणूनच आयआरमध्ये (अवरक्त वर्णपटात) 850–1100 cm⁻¹ (चार ऑक्सिजनवाले बोरॉन) आणि 1200–1500 cm⁻¹ (तीन ऑक्सिजनवाले) या दोन पट्ट्यांचं प्रमाण फारसं हलत नाही, तरी वाहकता चढते.

पण चढते ती सगळी क्लोराइडमुळेच, हे कोणी तपासलं?

आमच्या लॅबमध्ये एका सीनियरच्या लिथियम क्लोराइडवाल्या काचेच्या चकत्यांची खोलीच्या तापमानाची वाहकता झकास आली. जुलै महिना, विदर्भातला पाऊस, आणि चकत्या टेबलावर उघड्या. लिथियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळतं आणि ते खारं पाणी वीज वाहतं, हे बारावीच्या पोरालाही माहीत असतं. चकती तापवताना वाहकता आधी पडायची आणि शंभर अंशांच्या पुढे कुठे नीट चढायची. तो खालचा भाग आलेखातून सरळ वगळला गेला. मी तीच चकती 150 अंशांवर रात्रभर ठेवली आणि थंड होताना वाचनं घेतली. खोलीच्या तापमानाचा तो झकास आकडा गायब! गाइडचं म्हणणं, ‘सिल्व्हर पेस्ट (चकतीवरचा विद्युतसंपर्काचा लेप) निघाली असेल.’ पेस्ट पुन्हा लावली, चकती पुन्हा वाळवली, वाचन तेच. सेमिनारमध्ये हा विषय काढल्यावर मला बसायला सांगितलं गेलं.

तेव्हा माझं ऐका. चकत्या डेसिकेटरमध्ये (कोरडी हवा राखणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा, तापवताना आणि थंड होताना दोन्ही वाचनं घ्या, आणि दोन्ही आलेख छापा. थंड होतानाचा आलेख मागूनही न दाखवणाऱ्याच्या सक्रियण ऊर्जेवर (आयन हलायला लागणारी ऊर्जा, जी याच आलेखाच्या उतारावरून काढतात) मी विश्वास ठेवत नाही. बोरिक ॲसिड वापरत असाल तर वजनाचा हिशेब नीट करा: पाणी उडून त्याचं जेमतेम 56 टक्के ऑक्साइड उरतं. भट्टी हळू चढवा, नाहीतर फेस क्रुसिबलबाहेर.

एक खरं, क्वेंच केलेली (झटकन थंड केलेली) काच नुसती ॲनील केली (तापवून हळू थंड केली) तरी वाहकता थोडी उतरते. म्हणजे त्या चकतीतली सगळीच घट पाण्यामुळे होती असं नाही. बहुतेक होती.

डोपंट? क्लोराइडवर ढिगाने काम झालंय. व्हॅनेडियम घ्या. त्यात व्ही-4 वरून व्ही-5 वर (व्हॅनेडियमच्या +4 आणि +5 भाराच्या अवस्था) इलेक्ट्रॉनही उड्या मारतात, म्हणून वाहकता आयनांची किती आणि इलेक्ट्रॉनची किती हे डीसी पोलरायझेशनने (स्थिर व्होल्टेज देऊन आयनांचा प्रवाह थांबल्यावर उरलेला प्रवाह मोजून) वेगळं काढावं लागेल. गाइड ‘कशाला वेळ घालवता’ म्हणतील. काढाच.