बोन्साय तयार व्हायला नक्की किती वर्ष लागतात?

तुम्ही विचारलंय की नर्सरीतून वडाचं वीतभर रोप आणून बोन्सायच्या छोट्या ट्रेमध्ये लावलंय, ते मॅच्युअर व्हायला किती वर्ष लागतील, आणि वय ५४ आहे तर आता सुरू करण्यात काही अर्थ आहे का.

आधी आकडा सांगतो. वड, पिंपरी किंवा त्यांच्याच कुळातलं एखादं फायकस (वडाच्या कुळाचं नाव) नीट वाढवलं तर १० ते १२ वर्षांत बघणारा थांबून बघेल असं होतं. पण तुम्ही ते आत्ताच ट्रेमध्ये लावलंय ना, तिथंच ठेवलं तर २० वर्षांनी पण ते बोटाएवढ्या खोडाचं रोपच राहील, फक्त वय वाढलेलं. हे मी कुणाचं ऐकून सांगत नाही, माझी सहा वर्ष यात गेली आहेत.

मी लातूरचा. २००३ मध्ये औसा तालुक्यातल्या आमच्या गावी जुन्या वाड्याच्या भिंतीत, दगडाच्या फटीत, वडाचं एक रोप उगवलेलं होतं. घरचे म्हणाले काढून टाक, भिंत फोडील. मी ते मुळासकट काढलं, लातूरला आणलं आणि त्याच आठवड्यात एका चपट्या कुंडीत लावलं, कारण बोन्साय म्हणजे छोटी कुंडी एवढंच मला माहीत होतं. रोज पाणी, वेळेवर खत, शेंडे खुडणं, सगळं मनापासून केलं. २००९ उजाडलं तरी खोड पेन्सिलीएवढं. पानं मात्र तळहाताएवढी. एका जाणत्या माणसाला दाखवलं तर त्यांनी खोडाला बोट लावून एवढंच विचारलं, याला जमीन कधी दाखवली?

कारण असं आहे बघा. खोड जाड होतं ते पानांनी बनवलेल्या अन्नावर. पानं जितकी जास्त, फांदी जितकी मोकाट, तितकी खोडावर दरवर्षी जाड थर चढतो. आणि फांदी मोकाट कधी होणार, तर खाली मुळं मोकाट झाली तर. छोट्या ट्रेमध्ये मुळं कोंडली की वरची वाढ थांबते आणि खोडाची जाडी जवळजवळ तिथंच अडकते. म्हणजे ट्रे ही शेवटची पायरी आहे, आधी झाड मोठं होऊ द्यायचं, मग ते छोटं करायचं. बरेच जण हे उलट्या क्रमानं करतात आणि मग म्हणतात बोन्सायला आयुष्य जातं.

मग मी ते झाड परत गावी नेलं आणि काकांच्या शेताच्या बांधावर लावलं. लावताना एक गोष्ट केली जी तुम्ही पण करा. सोटमूळ छाटलं आणि खड्ड्यात आडवा शहाबादी फरशीचा तुकडा टाकून त्याच्यावर मुळं चौफेर पसरवून लावलं. फरशीमुळं मुळं खाली न जाता बाजूला पसरतात आणि पुढं खोडाच्या बुंध्याशी मुळांचा जो फुगीर पसारा दिसतो, ज्याला बोन्सायवाले नेबारी म्हणतात, तो मिळतो. झाड म्हातारं दिसतं ते अर्ध तर या बुंध्यामुळंच. उंची वीतभर असली तरी चालते, बुंधा पसरलेला पाहिजे.

तीन पावसाळ्यात ते डोक्याच्या वर गेलं. २०१२ मध्ये मी करवत घेऊन ते जमिनीपासून साधारण आठ इंचावर कापलं. काका बांधावर उभे होते, म्हणाले, "काय करूलालास रे हे, वाढलेलं झाड तोडूलालास?" चीक इतका वाहिला की माझे हात चिकट झाले आणि खरं सांगतो मला पण भीती वाटली. पण पंधरा-वीस दिवसात कापल्याच्या खालून कोंब फुटले, त्यातला एक वर जाऊ दिला, खालचा एक मुद्दाम मोकाट सोडला, कारण खालची फांदी वाढली की बुंधा फुगतो, काम झालं की ती कापून टाकायची. असं कापत गेलं की खोड खाली जाड आणि वर निमुळतं होतं. सरळ खांबासारखं जाड खोड बोन्सायमध्ये चांगलं दिसत नाही. २०१५ च्या जूनमध्ये जमिनीतून काढून लातूरला गच्चीवर टबमध्ये लावलं तेव्हा खोड मनगटापेक्षा जाड होतं. कुंडीत सहा वर्षात पेन्सिल, जमिनीत सहा वर्षात मनगट.

आणि मग २०१६ आलं. लातूरकरांना वेगळं सांगायला नको, त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली होती. गल्लीत बायामाणसं घागरी घेऊन रात्री जागायची आणि माझ्या गच्चीवर चौदा झाडं. पिण्याचं पाणी झाडाला घालायचं मनातच आलं नाही. भाज्या धुतलेलं, तांदूळ धुतलेलं जे काही निघेल ते फक्त. वडाची सगळी पानं मी कात्रीनं देठ ठेवून काढून टाकली, कारण झाड पाणी उडवतं ते पानातून, पान नसलं तर तहान कमी. टब खाली आणले, अंगणात भिंतीच्या सावलीला खड्डा करून काठापर्यंत मातीत पुरले आणि वरून उसाचं पाचट टाकलं. गच्चीचा स्लॅब मे महिन्यात तव्यासारखा तापतो, पुरलेल्या टबाची मुळं त्यामानानं थंड राहतात. चौदातली नऊ वाचली. वडाच्या दोन फांद्या वाळल्या, आणि जून संपता संपता पहिल्या चांगल्या पावसानंतर एका सकाळी जुन्या खोडावर, जिथं फांदीच नव्हती तिथं, लाल टोकाचा एक कोंब दिसला. मी बायकोला हाक मारून दाखवला. आज त्याचीच खालची मुख्य फांदी आहे.

हे सांगायचं कारण म्हणजे मराठवाड्यात वर्ष मोजताना दुष्काळाचं वर्ष धरू नका. त्या वर्षी झाड जगलं तरी खूप झालं. म्हणून पुस्तकात किंवा व्हिडिओत दिलेल्या वर्षात दोन वर्ष वाढवूनच धरा.

नंतर चारेक वर्ष फांद्यांवर गेली. तार गुंडाळून वळण देणं, छाटणं, परत फुटू देणं, परत छाटणं, प्रत्येक छाटणीला एका टोकाची दोन टोकं होतात आणि हळूहळू फांद्यांची जाळी भरते. एक सांभाळा, पावसाळ्यात वड इतक्या झपाट्यानं फुगतो की तार महिन्याभरात सालीत रुतायला लागते आणि तो वळ वर्षानुवर्षं जात नाही. दर आठवड्याला तार बघायची, रुततेय वाटलं की कापूनच काढायची, उलगडत बसायचं नाही. पारंब्यांचं म्हणाल तर आपल्या कोरड्या हवेत त्या सहजासहजी येत नाहीत, पावसाळ्यात दमट हवा असताना फुटतात तेव्हा त्यांना ओल्या कापडात किंवा स्ट्रॉमध्ये घालून मातीपर्यंत पोचवाव्या लागतात. २०२१ मध्ये झाड शेवटी ट्रेमध्ये बसलं. म्हणजे भिंतीतून काढल्यापासून १८ वर्ष, त्यातली पहिली सहा वजा केली तर १२.

आता ५४ चा प्रश्न. बी पासूनच सुरू करायची कुणी सक्ती केलेली नाही. जाड खोड आयतं मिळालं तर पहिली सहा-सात वर्ष वाचतात. कुणी घर पाडत असेल, कंपाउंड काढत असेल तर तिथली जुनी बोगनवेल मागून आणा, मांडीएवढं खोड असतं, पूर्ण छाटून लावली तरी फुटते आणि तीन-चार वर्षात देखणी होते. फुलं मात्र छोटी होत नाहीत, फळंफुलं आहे त्याच आकाराची येतात, छोटी होतात ती पानं. डाळिंबाच्या जुन्या बागा शेतकरी काढून टाकतात, तिथं १५-२० वर्षांची खोडं सरपणाला जातात. फक्त तेल्या रोग असलेल्या बागेतलं घेऊ नका. वनखात्याच्या जमिनीतलं काही उपटू नका. दुसरा मार्ग गुटी कलमाचा. मोठ्या झाडाची वळणदार, अंगठ्याहून जाड फांदी बघायची, इंच-दीड इंच साल गोल काढायची, ओलं मॉस (शेवाळ) बांधून वरून प्लास्टिक, फायकसला पावसाळ्यात सव्वा-दीड महिन्यात मुळं येतात. डाळिंबासारख्या झाडाला अजून एक फायदा, फांदी फळाला आलेल्या झाडाची असते म्हणून कलमही लवकर फुलतं, बी पासूनचं झाड आधी वयात यावं लागतं. चिंच लावणार असाल तर सावकाश, तिला १५ वर्ष धरा, पण तिची भेगाळलेली साल आणि बारीक पानं बघितली की वाट बघितल्याचं वाईट वाटत नाही. पिंपळाचं पान फार लहान होत नाही, पहिल्यांदाच करणाऱ्यानं नको. जपानी मेपल आणि तिकडचे पाइन आपल्या ४२-४३ डिग्रीत आणू नका, पैसे जातात आणि झाड हकनाक मरतं.

बाजारात बटाट्यासारख्या फुगीर मुळांचं जे फायकस मिळतं ते बोन्साय म्हणून विकतात. ती मुळं मुद्दाम फुगवलेली असतात आणि वर बारीक पानाच्या जातीचं कलम केलेलं असतं. ठेवायला छान आहे, पण त्याच्या कार्डावरचं वय बघून आपल्या झाडाशी तुलना करू नका.

आणि मॅच्युअर म्हणजे संपलं असं नसतं. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममध्ये (झाडांच्या राष्ट्रीय बागेत) जपानी व्हाइट पाइनचा एक बोन्साय आहे, १६२५ पासून कुंडीत सांभाळलेला. हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाकडं पिढ्यानपिढ्या होता, १९४५ ला बॉम्ब पडला तेव्हा घराच्या भिंतीआड होता म्हणून वाचला, आणि १९७६ मध्ये मसारू यामाकींनी तो अमेरिकेला भेट दिला, बॉम्बचा उल्लेखही न करता. पुढं २००१ मध्ये त्यांची नातवंडं झाड बघायला आली तेव्हा तिथल्या लोकांना ते कळलं. चारशे वर्षांच्या झाडाची अजून छाटणी चालू आहे, रोज पाणी घालणारा माणूस आहे.

तर तुमच्यासाठी माझं सांगणं, ट्रेमधला वड या पावसाळ्याच्या तोंडावर, पहिला पाऊस पडला की, बाहेर काढा. शेत किंवा अंगण असेल तर खाली फरशी टाकून जमिनीत लावा, नसेल तर रुंद पसरट टब घ्या, खाली भरपूर भोकं पाडा. आपली काळी माती नुसती घेऊ नका, ओली झाली की चिखल आणि वाळली की भेगा, मुळं तुटतात. मुरूम, विटांचे बारीक तुकडे आणि जुनं कुजलेलं शेणखत असं मिसळा, धूळ चाळून काढा. बोअरचं पाणी खारं असेल तर कुंडीच्या काठावर पांढरं चढतं, अशावेळी पावसाचं पाणी भरपूर सोडून माती धुवून घ्या. पुढची तीन वर्ष शेंडा खुडायचा मोह टाळा, वाढू द्या वेड्यासारखं. आणि त्याच पावसात एखाद्या जुन्या बोगनवेलीचं खोड पण आणा, म्हणजे वड जमिनीत वाढेपर्यंत हाताला काम राहील. बोगनवेल आणण्याआधी तिच्या बुंध्याचा फोटो टाकलात, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, तर कुठून कापायचं ते मी सांगेन.